साळिंदराचे काटे

रक्षितानं हळद घातलेल्या पिठाच्या गोळ्यावर मूठ आपटली आणि गोळ्याची चपाती झाली.

"झालं," दाराला टेकून उभा असलेला तिचा आजोबा म्हादू म्हणाला. "बाई, ह्याच्या चपात्या भाजल्या असत्या तर पोरांची पोटं तरी भरली असती."

"खेळायचं पीठ हाय अज्जा, लई मीठ घालून ठेवलंय. तुमच्या घशाखाली उतरायचं न्हाई," अंगणवाडीच्या गिरजाबाई म्हणाल्या.

म्हादू बोलत होता बाईंशी, पण नजर होती नातीच्या उजव्या हातावर. चार वर्षांची झाली तरी तिचा अंगठा आणि बोट एकमेकांना भेटत नव्हते. शेंगदाणासुद्धा ती मुठीनं उचलायला जायची आणि तो निसटायचा. घास अजून आजी भरवायची. चिमटीत धरता आलं की पुढं पेन्सिल येईल, बटण येईल, असं जोयड्याच्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले होते. ती चिमूट काही येत नव्हती.

बाकीची पोरं साप वळत होती, लाडू करत होती. गिरजाबाईंनी खराट्याच्या काड्यांचे तुकडे करून मधे ठेवले. "केक करू या का? ह्या मेणबत्त्या लावायच्या."

रक्षितानं तिकडं बघितलंसुद्धा नाही.

म्हादूला राहवेना. तो आत येऊन पोरांत मांडी घालून बसला. "काल साळिंदर आलं आमच्या वाफ्यात. कणगीचे समदे कंद उकरून खाल्ले बघा. आणि जाताना तितं काय टाकून गेलं गं, रक्षू?"

"काटं," रक्षिता म्हणाली. तिचे डोळे मोठे झाले.

तिनं चपाती दोन्ही तळव्यांनी गोळा केली, थापटली, पाठीला कुबड आणलं. मग मूठभर काड्या त्यावर दाबल्या. सगळ्या आडव्या पडल्या.

"असं न्हाई," ती रागानं म्हणाली. "उभं पायजे."

गिरजाबाई मदतीला वाकल्या. म्हादूनं हात आडवा धरला.

रक्षितानं पुन्हा मूठ घातली. काड्या गळून गेल्या, एकच राहिली, तीही घसरायला लागली. ती पडू नये म्हणून अंगठा लगबगीनं पुढं सरकला आणि बोटाला येऊन भिडला. काडी पाठीत रुतली. उभी.

दुसरी काडी उभी राहिली. मग तिसरी. पोरं साप टाकून भोवती जमली. "हितं, हितं लाव," "डोक्यावर नको गं," सगळी एकदम सांगायला लागली. रक्षिताची जीभ ओठाच्या कोपऱ्यातून बाहेर आली होती. काड्या संपल्या, तरी शेपटीकडचा भाग उघडाच होता.

तिनं इकडंतिकडं शोधलं. मग अगदी जवळ वाकलेल्या म्हादूच्या तोंडाकडं बघितलं, हात पुढं केला आणि त्याच्या पांढऱ्या मिशीतला एक केस चिमटीत धरून खसकन उपटला.

पोरं खो खो हसली. म्हादूच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

"लई दुखलं व्हय, अज्जा?" गिरजाबाईंनी विचारलं.

म्हादूनं मिशीची दुसरी बाजू नातीपुढं केली. "हिकडनं बी घे."