आयोनीचा फोटो

बुटांच्या कंपनीने जगभरातून पन्नास धावपटू ब्रँड अ‍ॅम्बेसेडर म्हणून निवडले. त्यात कॅरिबियनची एकटीच, आमच्या ग्रेनाडाची बावन्न वर्षांची आयोनी.

पोस्टरसाठी परदेशातून फोटोग्राफर आला. म्हणाला, “बाई, शंभर मीटरच्या शर्यतीला बसतात तशा वाकून बसा. तुमच्याकडचे लोक त्यासाठीच प्रसिद्ध आहेत.”

“वाकून तर मी जायफळाच्या वखारीत रोजच बसते, बाळा. मी लांब पल्ल्याची. डोंगर चढते.”

“पण लोकांना ते पटायला हवं ना!”

“आधी तुला पटवते. ये मागून,” म्हणत आयोनी ग्रँड एटांगच्या चढाला लागलीसुद्धा.

पोस्टर आमच्या बाजारात लागलंय. त्यावर एकोणपन्नास चेहरे आहेत आणि आयोनीची पाठ. पुढून फोटो काढायचा, तर आधी तिला गाठावं लागतं.