तीन दिवसांचा नियम

"आणि सगळ्यात मोठी बचत," कॅशियरबाईंनी वही उंच धरली, "एकाच ओळीत, एकाच फटक्यात! पेन्सिल, उभी राहा बघू."

शेवटच्या बाकावरून पेन्सिल उठली. नववीतली मुलगी. उंच आणि काटकुळी, म्हणून सगळा वर्ग तिला पेन्सिलच म्हणायचा. टाळ्या वाजल्या. मागे खुर्च्यांवर बसलेल्या पालकांनीही वाजवल्या. दारात उभ्या असलेल्या मुख्याध्यापिकांनी मान डोलावली आणि कॅशियरबाईंच्या अंगावर मूठभर मांस चढलं. सगळं त्या मान डोलावण्यावरच तर अवलंबून होतं.

सुट्टीतला हा पैशांचा वर्ग त्यांनी हट्टाने मागून घेतला होता. बँकेतून निवृत्त झाल्यापासून घरात त्यांचं ऐकणारं कोणी उरलं नव्हतं. मुलगा हप्त्यांवर गाडी घेऊन मोकळा झाला होता. सून गोड हसून म्हणायची, "आई, तुमचा काळ वेगळा होता." म्हणजे गप्प बसा. इथे मात्र तीस पोरं वह्या उघडून बसत आणि त्यांचा शब्द न् शब्द उतरवून घेत. आजचा शेवटचा दिवस नीट पार पडला, तर हा वर्ग वर्षभराच्या वेळापत्रकात जाणार होता. कॅशियरबाईंना पुन्हा रोज सकाळी डबा घेऊन घराबाहेर पडायला मिळणार होतं.

नियम त्यांचा स्वतःचा होता. काही घ्यावंसं वाटलं की वहीत लिहायचं. वस्तू, किंमत, तारीख. मग तीन दिवस थांबायचं. तरीही हवीच असेल, तर खुशाल घ्या. नाही घेतली, तर पैसे 'वाचले'च्या रकान्यात.

"मन लहान मुलासारखं असतं," त्या सांगत. "पहिल्या दिवशी गडाबडा लोळतं, दुसऱ्या दिवशी मुसमुसतं, तिसऱ्या दिवशी विसरून खेळायला जातं. आणि अपवाद चालणार नाही हं. एकदा अपवाद केला की नियमाची चाळण होते."

नियम लागूही पडला होता. बूट, गॉगल, हेडफोन, मोबाइलची कव्हरं, सगळं तिसऱ्या दिवशी खोडलं गेलं. एका पठ्ठ्याने तर बासरी खोडली होती. आपल्याला ती वाजवता येत नाही, हे त्याच्या दुसऱ्या दिवशी लक्षात आलं होतं.

पेन्सिलच्या वहीत एकच नोंद होती. बसचं तिकीट, बंदरापर्यंत, जाऊन-येऊन. रक्कम चांगली घसघशीत. पुढे लिहिलं होतं, घेतलं नाही.

कॅशियरबाईंनी तिथेच वही मिटून बक्षिसाचं पाकीट हातात दिलं असतं, तर काहीच कळलं नसतं. नंतर कितीदा तरी त्यांना वाटलं, तसंच करायला हवं होतं. आणि दर वेळी असं वाटल्याची लाजही वाटली. पण त्या क्षणी त्यांना मुख्याध्यापिकांना दाखवायचं होतं, की पोरं कशी तयार झाली आहेत.

"मैत्रिणींबरोबर समुद्रावर उंडारायचं होतं वाटतं?"

वर्गात हशा पिकला.

"नाही मॅडम. बाबांना भेटायचं होतं."

"असं? बाबा तिकडे असतात?"

"बाबा जहाजावर स्वयंपाकी आहेत. जहाज बंदराला लागलं होतं. त्यांना घरी यायला सुट्टी नव्हती, म्हणून मला बोलावलं होतं. आईला रजा मिळाली नाही. पण माझे साठवलेले पैसे होते."

हशा हळूहळू ओसरला. कॅशियरबाईंच्या चेहऱ्यावरचं हसू तेवढं तसंच राहिलं. ते आता काढावं कसं, त्यांना कळेना.

"मग तीन दिवसांनी... जावंसं वाटलं नाही?"

"वाटलं ना. तिसऱ्या दिवशी सकाळीही पिशवी भरलेलीच होती."

"मग?"

"जहाज दोनच दिवस होतं."

फळ्यावरच्या गणिताचं उत्तर द्यावं, तसं तिने सांगितलं. आवाजात तक्रार नव्हती. असती, तर कॅशियरबाईंना जरा सोपं गेलं असतं.

"आता कधी येणार बाबा?"

"पुढच्या वर्षी. बहुतेक."

मुख्याध्यापिकांना दारातून निम्मंच ऐकू आलं असावं. त्या टाळ्या वाजवत पुढे आल्या आणि पालकांकडे वळून म्हणाल्या, "बघितलंत? शिस्त म्हणतात ती ही! शाळा उघडली की हा वर्ग कायमचा सुरू करतोय आपण."

ज्या वाक्यासाठी कॅशियरबाईंनी सगळी सुट्टी जिवाचं रान केलं होतं, ते वाक्य असं येऊन गेलं. त्यांना त्याचा जराही आनंद झाला नाही. त्या बाकांमधून वाट काढत पेन्सिलजवळ गेल्या. तिच्या खांद्यावर हात ठेवून, इतरांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाल्या, "अगं वेडे, मला येऊन विचारायचं तरी! मी कशाला थांब म्हटलं असतं?"

पेन्सिल गोंधळली. आपण मोठ्या माणसाला उलट उत्तर देतोय असं वाटून तिने मान खाली घातली.

"विचारलं होतं, मॅडम. नोंद केली त्याच दिवशी, वर्ग सुटल्यावर. तुम्ही वह्या तपासत होतात. मी म्हटलं, मला तीन दिवस थांबता येणार नाही. तुम्ही वर न बघताच म्हणालात, 'सगळ्यांना असंच वाटतं, बाळा.'"