चवीपुरतं

नवरा डबा ओट्यावरच विसरून गेला, म्हणून आचाऱ्याची बायको तो घेऊन कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये मागच्या दारानं आली. अख्ख्या कारखान्याला जेवू घालणाऱ्या माणसाला घरचा डबा पोचवायचा, याचं एरवी तिला हसू आलं असतं. आज आलं नाही. सकाळी चपला घालता घालता तो म्हणाला होता, "उद्यापासून हे पथ्यबिथ्य बंद. पोट माझं ऐकत नाही, मग मी तरी त्याचं का ऐकू?"

महिनाभर त्याच्या ताटात ना कांदा, ना लसूण, ना दूध, ना गहू. तपासण्या सगळ्या चांगल्या आल्या होत्या. आतडं नाजूक आहे, त्याला नेमका कशाचा राग येतो ते शोधू, असं आहारतज्ज्ञ बाई म्हणाल्या होत्या. आधी हे सगळं थांबवायचं, पोट शांत झालं की एकेक परत आणून बघायचं. पण पोट शांत व्हायचं नाव घेत नव्हतं. ऐन जेवणाच्या गर्दीत कळ आली की हातातलं टाकून तो पळायचा. परवा मॅनेजरनं त्याला बाजूला घेतलं आणि गोड आवाजात सांगितलं, झेपत नसेल तर दुसरा आचारी बघतो.

तेव्हापासून तिच्या जिवाला घोर लागला होता. स्वयंपाक तिचा, म्हणजे चूकही तिचीच असणार. तिनं सगळी पातेली उकळत्या पाण्यातून काढली, मसाल्याचे डबे बदलले, आणि त्याला एकट्याला सपक कसं वाढायचं म्हणून स्वतःही तेच खायला लागली.

तो पाठमोरा उभा होता. सुपाच्या पातेल्यातून त्यानं पळी काढली, तळहातावर ओतलं, चाटलं. चिमूटभर काहीतरी टाकलं, ढवळलं, पुन्हा चाटलं. मग शेजारची भाजी. तिच्यात लसूण असा काही पडला होता की दारापर्यंत वास येत होता. मग दुधात शिजणारे बटाटे, आणि फिरून सूप.

"अहो, हे काय चाललंय?"

तो दचकला. "काय म्हणजे? चव बघतोय."

"आणि दिवसभरात काय काय खाता, असं बाईंनी विचारलं तेव्हा काय सांगितलंत?"

"खरं तेच सांगितलं. तुझा डबा आणि वर पाणी. शप्पथ, इथला एक घास तोंडात घातला नाही मी."

"मग हे?"

"हे काय खाणं आहे? हे आपलं चवीपुरतं."

भांडी घासणाऱ्या मावशी तिथूनच म्हणाल्या, "वहिनी, चवीपुरतं चवीपुरतं करत दुपारपर्यंत वाडगाभर तरी पोटात जातं."

तो एकेका पातेल्याकडे बघत मनाशी हिशोब करायला लागला. तो खोटं बोलत नव्हता, हे तिला कळलं. शिंपी गिऱ्हाइकाचा सदरा अंगाला लावून बघतो, म्हणून तो काही घालत नाही, तसंच त्याला वाटत आलं होतं. तिला आधी राग आला, मग हसू आलं, आणि मग आपल्या हाताला दोष नव्हता या विचारानं डोळे भरून आले.

"आता हे थांबवा," ती म्हणाली.

"चव न बघता रांधू?" त्याचा आवाज चिरकला. "मग मी आचारी कसला? नुसता ढवळणारा."

"दुसऱ्या कुणाला तरी बघू दे."

"कुणाला? या मावशींना? त्यांना तिखटापलीकडे काही कळत नाही."

मावशींनी एक पातेलं जरा जोरातच आदळलं.

तिनं डबा खाली ठेवला, हात धुतले आणि त्याच्या हातातली पळी काढून घेतली. त्या पळीला आजवर कुणी हात लावला नव्हता. तो बघतच राहिला.

"आजचं ठीक आहे. उद्या कोण बघणार?"

"मीच. आणि परवाही."

तिनं थोडं सूप तळहातावर घेतलं. महिनाभराच्या सपक जेवणानंतर कांदा थेट नाकात शिरला. तिनं डोळे मिटले.

"मीठ कमी आहे."

घरी रोज पहिला घास घेऊन तो हेच म्हणायचा. तो घास चावून होईपर्यंत ती वाढायचा चमचा हातात धरून त्याच्या चेहऱ्याकडे बघत उभी असायची. त्यालाही ते आठवलं असावं, कारण त्याचे कान लाल झाले.

त्यानं मीठ टाकलं, ढवळलं. सवयीनं तळहात पुढे आला. क्षणभर तो तसाच राहिला, मग त्यानं तो कोरडाच हात ॲप्रनला पुसला आणि पळी भरून तिच्यापुढे धरली.

"आता?"

तिनं सूप तळहातावर घेतलं. तो श्वास रोखून तिच्या चेहऱ्याकडे बघत उभा राहिला.

तिनं मुळीच घाई केली नाही.