युद्धनौकेचं शेवटचं पान

पीएचडीसाठी हॅनोव्हरला आलेली मैथिली फ्राउ हान्सेनकडे भाड्याने राही. नव्वदीतल्या बाईंना दिसत नसे, म्हणून ती वाचून दाखवी. त्या रविवारी एका चिलखती युद्धनौकेची हकिगत चालली होती. बाईंचे वडील १९१४ साली, पोटुशी बायको मागे ठेवून, याच नौकेवर चढले आणि लढाईत मारले गेले, असं त्या जन्मभर ऐकत आल्या होत्या. "त्यांना घरापेक्षा युद्ध प्यारं," बाई म्हणत. शेवटच्या पानावर मैथिली थबकली. "वाच गं, असेल ते." मैथिलीने वाचलं, "मोहिमेवरून परतताना दाट धुक्यात, बंदराच्या तोंडाशी, नौका आपल्याच नौदलाच्या सुरुंगांवर आदळून बुडाली." ती ओशाळली. "सॉरी. लढाईत नव्हते गेले ते." "असं होय... त्याच बंदरापाशी आमचं घर होतं," बाई म्हणाल्या. "म्हणजे बाबा घरी येत होते. पुन्हा वाच, परततानाचं."