उचकीवरचा शेवटचा उपाय

"नाक दाब, डोळे मीट आणि सात घोट पाणी पी. मधे श्वास घेतलास तर परत पहिल्यापासून."

भाच्याने सहा घोट घेतले. सातव्याला उचकी आली आणि कापून ठेवलेल्या कोटाच्या बाहीवर पाणी सांडलं.

मावशीने कपाळावर हात मारून घेतला. दुकान तिचं, शिवणकामाचं. पण लोक तिथे कपड्यांपेक्षा दुखणीच जास्त घेऊन यायचे. सर्दीला वाफ, तोंड आलं तर मध, पाय मुरगळला तर गरम मिठाची पुरचुंडी. कुणाचं पोट फुगलं की ती फळीवरची काचेची बरणी काढायची आणि चिमूटभर बडीशेप तळहातावर ठेवायची.

आज मात्र साखर झाली, लिंबू झालं, पाठीत धपाटाही झाला. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. सकाळपासून प्रत्येक उचकीला भाच्याची शिवण वाकडी जात होती.

एकच उपाय उरला होता, आणि तो करायला तिचा जीव धजत नव्हता.

तो तिच्या आईचा उपाय. उचकी लागलेल्यावर चोरीचा खोटा आळ घ्यायचा. माणूस दचकतो, उचकी पळते. आणि आळ खराच असला तर? आई म्हणायची, चोर मनातून तयारच असतो, तो कशाला दचकेल?

महिन्यापूर्वी तिने तो मास्तरवर केला होता. मास्तर म्हणजे कटिंगवाला, तिच्या नवऱ्याच्या वेळेपासून बावीस वर्षं याच टेबलाशी उभा. त्याच आठवड्यात नवऱ्याचं अंगुस्तान नाहीसं झालं होतं. सुई टोचू नये म्हणून बोटात घालायची ती चांदीची टोपी. नवरा गेल्यापासून मावशी तीच घालून शिवायची. तिला जरा मोठी व्हायची, पण दुसरी चालायची नाही. दुकानात माणसं तीन. मास्तरला उचकी लागली आणि तिने बोट रोखलं, "अंगुस्तान तुम्हीच घेतलंत!" हा उपाय होता की संशय, ते तिलाही धड सांगता आलं नसतं.

मास्तरची उचकी थांबली नाही. तिने त्याला दुसरं काम बघायला सांगितलं.

"वहिनी," गळ्यातली टेप काढून टेबलावर ठेवत तो म्हणाला, "उचकीला काय कळतंय?" आणि कात्रीला तेल घालून निघून गेला. आता तो समोरच्या दुकानात पडदे कापतो. तिला रोज काचेतून दिसतो, आणि रोज ती मान वळवते.

"मावशी, कर ना काहीतरी," भाचा रडकुंडीला आला.

तिने मन घट्ट केलं. "अंगुस्तान तूच घेतलंस!"

भाच्याने तिच्याकडे पाहिलं. मग उचकी दिली. पाठोपाठ आणखी एक.

"तू पण?"

"तू पण म्हणजे?"

एक अंगुस्तान आणि चोर दोन! तिच्या डोक्याचा नुसता भुगा झाला. दोघांनी मिळून घेतलं? अंगुस्तान हरवलं तो शनिवार तिने शंभराव्यांदा आठवला. सकाळी कोटाची बटणं लावली, दुपारी बडीशेप भाजून, हाताने खालीवर करून बरणी गळ्यापर्यंत भरली, संध्याकाळी खण उघडला तर रिकामा. काम संपलं की अंगुस्तान खणात जायचं, रोज. त्या दिवशीही तिने ठेवलंच असणार. हाताला लागलेली सवय चुकत नाही.

"अगं, मी दचकणार कसा?" भाचा म्हणाला. "तू मास्तरांवर आळ घेतलास तेव्हा मी इथेच होतो. उपाय ठाऊक असलेल्याला कसलं भेव?"

"पण मास्तरला कुठे ठाऊक होता?"

"बावीस वर्षं तुझेच उपाय ऐकतायत ते. गिऱ्हाइकांना तुझ्याआधी सांगायचे."

ती मटकन स्टुलावर बसली. म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. पण मग चोर कोण? तिने तांब्या उचलला, एका दमात रिकामा केला, आणि तिलाच उचकी लागली.

भाचा खो खो हसला, मधेच उचकला. "आता माझी पाळी! मावशी, अंगुस्तान तूच घेतलंस!"

ती दचकली नाही. उचकी आली.

"बघ! चोर तीन झाले."

तिला हसू फुटलं आणि डोळेही भरले. काचेपलीकडे मास्तर पडद्याचं कापड मापत होता, मान खाली घालून. उद्या सकाळी रस्ता ओलांडून जायचं, पाय धरावे लागले तरी चालतील, असं तिने ठरवलं. आधी ही मेली उचकी जाऊ दे.

तिने फळीवरची बरणी ओढली. महिनाभरात गिऱ्हाइकांच्या पोटांनी बडीशेप पार तळाला नेली होती. चिमूट काही हाताला येईना, म्हणून तिने कोपरापर्यंत हात आत घातला आणि बोटांनी तळ खरवडला.

तिचं मधलं बोट कशात तरी शिरलं. गार होतं, आणि जरा मोठं होत होतं.

उचकी थांबली.