डावीकडची सीट

बाबा गेल्यापासून सहा वर्षं त्यांची गाडी मुलुंडच्या सोसायटीत धूळ खात पडली होती. नवी बॅटरी टाकली, पेट्रोल बदललं आणि चौथ्या प्रयत्नात इंजिन सुरू झालं. देवव्रतचा चेहरा खुलला.

"भंगारात द्यायला निघाली होतीस ना?" गाडीच्या खिडकीशी उभ्या बहिणीला, मधुवंतीला, त्याने चिडवलं.

तेवढ्यात बेल्टचं बीप-बीप सुरू झालं. देवव्रतने स्वतःचा बेल्ट लावलेला होता, आणि डावीकडची सीट तर रिकामी होती.

"बाबांची जागा," मधुवंती हसली. बाबा तिथे बसले की बेल्ट स्वतःच्या पाठीमागून अडकवून ते बीप-बीप बंद करायचे.

"आज नाही चालणार हां, बाबा," म्हणत देवव्रतने रिकाम्या सीटवरून बेल्ट ओढून अडकवला. आवाज थांबला.

बेल्ट मात्र सीटला टेकला नाही. पोटाएवढी जागा सोडून तो ताणलेलाच राहिला, आणि संथपणे वर-खाली होऊ लागला.