तलावासमोरची खोली

"चिठ्ठीत राहायचं ठिकाण लिहू नको वं," तिला आसरा देणाऱ्या संस्थेच्या रंभाबाईंनी बजावलं, तेव्हा प्रीती हसली होती. दर महिन्याला मदत पाठवणाऱ्या पुण्याच्या शर्वरीताई काय तिच्या नवऱ्याला सांगायला जाणार होत्या? तिने मन भरून लिहिलं: सक्करदरा तलावासमोर खोली मिळाली, संध्याकाळी बाळ बदकं पाहून टाळ्या वाजवतं.

शनिवारी तलावाच्या काठावर मागून आवाज आला, "मलेही दाखव ना वं बदकं!"

ज्याच्या मारापासून ती पळाली होती, तोच. त्याच्या मोबाइलवर तिचीच चिठ्ठी होती, शर्वरीताईंनी फेसबुकवर टाकलेली. त्याने बाळ हिसकायला हात घातला. तिचा आरडाओरडा ऐकून लोक धावले, म्हणून बाळ तिच्या कडेवर राहिलं.

यावेळी प्रीतीने चिठ्ठी लिहिली नाही, सरळ मेसेज केला. 'ताई, तुमच्या मोठ्या मनाचं चारशे जणांनी कौतुक केलं. त्यांत माझा नवराही होता. माझ्या चिठ्ठीखालीच वर्ध्याच्या सोनिकाचा फोटो आहे, मागे शिवणवर्गाची पाटी स्पष्ट दिसते. तीही माझ्यासारखीच लपून राहते. माझी माफी नंतर मागा. आधी तिला फोन लावा, आणि ती बरी आहे हे तिच्याच तोंडून ऐका.'